दातांना काम हवं

कुत्र्यांच्या खेळण्यांच्या इतिहासात मोटारीच्या एका सुट्या भागाला मानाचं पान आहे. गोष्ट १९७०च्या दशकातली. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात जो मार्कहॅम नावाच्या गृहस्थांनी फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड पाळला होता. पोलीस दलातून निवृत्त झालेला हा कुत्रा दगड चघळायचा. दात खराब होत चालले, पण दुसरं काहीही दिलं तरी स्वारी पुन्हा दगडाकडेच. एकदा मार्कहॅम आपली जुनी फोक्सवॅगन व्हॅन दुरुस्त करत होते. काढलेले भाग बाजूला टाकता टाकता सस्पेन्शनमधला एक रबरी ठोकळा फ्रिट्झसमोर पडला. त्याने तो तोंडात धरला आणि सोडायचं नाव घेईना. ठोकळा दगडासारखा कडक नव्हता आणि चप्पलेसारखा लगेच फाटतही नव्हता. दात रुतायचा, पण तुकडा पडायचा नाही. त्याच धर्तीवर मार्कहॅमनी रबराची खेळणी बनवायला घेतली आणि १९७६ मध्ये कंपनी काढली. ‘काँग’ या नावाची ती पोकळ खेळणी आज जगभर विकली जातात, पिंपरी-चिंचवडमधल्या पिंपळे सौदागरच्या दुकानांतही टांगलेली दिसतात.

त्याच फोक्सवॅगनच्या चाकणच्या कारखान्याचं उद्घाटन ३१ मार्च २००९ रोजी झालं. भोसरीपासून म्हाळुंगे-निघोज्यापर्यंतच्या पट्ट्यात गाड्यांचे बंप स्टॉपर, बुश, इंजिन माउंटिंग, ग्रोमेट, ओ-रिंग असला रबरी माल तयार करणारी आणि बसवणारी माणसं गल्लोगल्ली सापडतात. रबर किती कडक आहे, किती ताणलं तर तुटेल, कुठे चीर जाईल हे त्यांना बोटाने कळतं. यातलाच एखादा सुपरवायझर पहिली पाळी संपवून कंपनीच्या बसने मोशीला किंवा चिखलीला उतरतो, कुलूप उघडतो आणि सोफ्याचा फोम हॉलभर पसरलेला पाहून कपाळाला हात लावतो. कोपऱ्यात सहा महिन्यांचं लॅब्राडॉर शेपूट हलवत उभं असतं.

या नुकसानीचा नकाशा बहुतेक घरांत सारखाच असतो. सर्वांत आधी चपला. मग टीपॉयचे पाय, दाराच्या चौकटीचा खालचा कोपरा, टीव्हीचा रिमोट, मोबाइलचा चार्जर, पायपुसणं. चौकटीचा कोपरा नीट पाहिला तर बरंच कळतं. जमिनीपासून वीतभर उंचीवर, लॅमिनेट सुटून प्लायवूडचे थर उघडे पडलेले असतात आणि त्यावर बारीक, एकमेकांना समांतर खाचा असतात. त्या पुढच्या छोट्या दातांच्या. पिल्लू तिथे खात नसतं, खरवडत असतं. उलट चपलेचा पट्टा असतो तो बाजूने, दाढेत धरून कात्रीने कापावा तसा तोडलेला. दोन्ही कामं एकाच तोंडाची, पण हत्यारं वेगळी आणि कारणंही बऱ्याचदा वेगळी.

हत्यारांची पेटी

पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. तिसऱ्या आठवड्यापासून ते दिसू लागतात आणि दीड महिन्यात बहुतेक सगळे येतात. साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडायला लागतात आणि सात महिन्यांच्या आसपास पक्क्या ४२ दातांचा संच पुरा होतो. पडलेले बहुतेक दात पिल्लू गिळूनच टाकतं, त्यामुळे घरच्यांना पत्ता लागत नाही. एखाद्या दिवशी खेळण्यावर रक्ताचा ठिपका दिसतो, हिरडी लालसर दिसते, एवढंच. या तीन-चार महिन्यांत हिरड्या शिवशिवतात आणि समोर येईल ते दाताखाली जातं.

दात आले की सगळं थांबेल, अशी आशा लावून बसणाऱ्यांना पुढचा धक्का आठव्या महिन्यात बसतो. आता कुत्रं वयात येत असतं, जबड्यात ताकद आलेली असते आणि अंगात रग असते. बरीच कुत्री घराबाहेर काढली जातात ती याच वयात. आधी ‘किती गोड आहे’ म्हणून चालवून घेतलेली खोड आता दहा-बारा हजारांच्या सोफ्यावर आलेली असते. पुढे मोठेपणीही चघळणं राहतंच, फक्त त्याला शिस्त लागलेली असते किंवा नसते.

कुत्र्याचा जबडा गाईसारखा आडवा फिरत नाही, तो वर-खालीच चालतो. वरची चौथी उपदाढ आणि खालची पहिली दाढ ही त्याची मुख्य कात्री. कातडं, स्नायू, हाडाचं टोक यांवर चालण्यासाठी ती घडली आहे. माणसाच्या संगतीत हजारो वर्षं काढली तरी पेटीतली हत्यारं बदलली नाहीत, काम मात्र गेलं. वाटीतले किबलचे दाणे दोन मिनिटांत संपतात, दूध-पोळी त्याच्याही आधी. उरलेला दिवस जबडा बेकार.

त्यात जातीचाही भाग आहे. लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर ही कुत्री शिकाऱ्याने पाडलेला पक्षी तोंडात अलगद धरून आणण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडली गेली. जे दिसेल ते तोंडात घेणं हा त्यांचा वाह्यातपणा नव्हे, वंशपरंपरेने आलेली नोकरी आहे. केंब्रिजच्या एलेनॉर रॅफन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं की सुमारे एक चतुर्थांश लॅब्राडॉरमध्ये पीओएमसी या जनुकाचा एक तुकडा गहाळ असतो आणि अशा कुत्र्यांची खाण्याची ओढ जास्त असते.

तोंडात धरण्याच्या या ओढीचा पगार म्हणून उपयोग करणारी खातीही आहेत. बॉम्ब किंवा अमली पदार्थ हुंगणाऱ्या कुत्र्यांना जगभर शिकवतात ते अशाच बक्षिसावर. वास सापडला की चेंडू मिळतो किंवा ओढायला रबर, टॉवेलची गुंडाळी मिळते. १९९३च्या मुंबई स्फोटांनंतर ३ हजार किलोंहून जास्त आरडीएक्स शोधण्याचं श्रेय ज्याला दिलं जातं, तो ‘झंजीर’ लॅब्राडॉरच होता आणि तो तयार झाला होता पुण्यात, शिवाजीनगरच्या गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात. पोलिसांकडे ज्या गुणाची कदर होते, तोच गुण टू-बीएचकेत आला की त्याची तक्रार होते.

गोठ्यातून सातव्या मजल्यावर

पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५०च्या दशकात आला, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मागोमाग टेल्को आणि बजाज आले. १९८२ मध्ये महापालिका झाली आणि १९९७ मध्ये मोशी, चिखली, तळवडे, वाकड, रावेत, पुनावळे अशी आसपासची गावं तिच्यात आली. या गावांत कुत्रं होतंच. गोठ्यापाशी, खळ्यावर, कांद्याच्या वखारीबाहेर. आकुर्डीच्या खंडोबाच्या माळापासून खेड तालुक्यातल्या निमगावच्या खंडोबापर्यंत या भागाचे देवही कुत्रा बाळगणारे. पण ते कुत्रं घरचं असूनही दाराबाहेर राहायचं. दिवसभर हिंडायचं, मेलेल्या जनावराचं हाड ओढून आणायचं, उकिरडा उकरायचं. त्याच्या दातांची चिंता कुणी केली नाही, कारण दातांना भरपूर उद्योग होता.

आता त्याच शिवारात उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये नांदेड, जळगाव, सोलापूर, बिहार, केरळ असं कुठून कुठून आलेलं कुटुंब राहतं. नवरा-बायको दोघंही नोकरीला. आजी-आजोबा गावी. पोराच्या हट्टापायी पिल्लू आणलं जातं. २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, तरी तीस-चाळीस दिवसांची पिल्लं सर्रास हातात ठेवली जातात. याचा चावण्याशी थेट संबंध आहे. भावंडांशी झोंबताना जोरात चावलं की समोरचं पिल्लू किंचाळतं आणि खेळ थांबतो. जबडा किती आवळायचा हे पिल्लू तिथेच शिकतं. अमेरिकेत बार हार्बरच्या प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर यांनी अनेक वर्षं पिल्लांच्या वाढीचा अभ्यास केला. १९६५च्या त्यांच्या ग्रंथात तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांचा काळ किती मोलाचा आहे हे सविस्तर आलं आहे. एवढं शिक्षण अर्धवट सोडून आलेलं पिल्लू मग पोराच्या हातावर, पायजम्यावर धडे गिरवतं.

गेटवरची कुत्री

चाकणच्या कारखान्यांच्या गेटवर वेगळी बिरादरी नांदते. सिक्युरिटीच्या केबिनमागे दोन-तीन गावठी कुत्री, कँटीनचा उरलेला भात-आमटी, कुणीतरी ठेवलेलं नाव. मोठी कुत्री सहसा फार काही कुरतडत नाहीत. त्यांचा दिवस हिंडण्यात आणि हद्द राखण्यात जातो. पण पावसाळ्यानंतर पिल्लं झाली की पार्किंगमधल्या दुचाक्यांच्या सीटची कव्हरं फाटू लागतात, मडगार्डचे रबरी पडदे चघळले जातात. त्यावर तोडगा म्हणून लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्या ठेवायची पद्धत सोसायट्यांत आहे. कुत्र्याला लाल रंग लाल दिसतच नाही. त्याचे डोळे निळा आणि पिवळा या दोन टोकांवर चालतात, हे नाइट्झ, गाइस्ट आणि जेकब्स यांनी १९८९ मध्ये चाचण्यांनी दाखवलं. निळी बाटली त्याला दिसते, पण तिला भ्यायचं कारण काय?

गेटवर खरी काळजी करण्याजोगी गोष्ट सीटचं कव्हर नाही. मोल्डिंगमधून निघालेलं जास्तीचं रबर (फ्लॅश), तेलाने भिजलेल्या चिंध्या, हातमोजे, पॅकिंगच्या पट्ट्या हे सगळं पिल्लाच्या पोटात जाऊ शकतं. गाडीच्या रबरात कार्बन ब्लॅक, गंधक, तेलं असतात. फ्रिट्झला तो ठोकळा लाभला म्हणून आपल्या कुत्र्यापुढे जुना बंप स्टॉपर टाकायचा नसतो. त्याहून घातक आहे रेडिएटरचं कूलंट. त्यातलं इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड लागतं आणि दर किलो वजनामागे पाच-सहा मिलिलीटर पोटात गेलं तरी जीव जाऊ शकतो. कुत्रं आधी दारू प्यायल्यासारखं झोकांड्या देतं, मग काही तास बरं वाटल्यासारखं दिसतं आणि नंतर मूत्रपिंडं बंद पडतात. मधल्या त्या बऱ्या वाटण्याने माणूस फसतो. उपचार लागू पडतात ते पहिल्या काही तासांतच.

नखाची कसोटी

चघळायला काय द्यावं, यावर घरोघरी वाद होतात. रविवारच्या मटणातली नळी कुत्र्यासाठी राखून ठेवण्याची रीत मराठी घरांत जुनी आहे. पण कुकरमध्ये शिजलेलं हाड ठिसूळ होतं आणि त्याच्या टोकदार चिरफळ्या निघतात. त्या घशात, आतड्यात रुततात. शिवाय रश्श्यात कांदा-लसूण असतो. कांद्यातल्या गंधकयुक्त द्रव्यांनी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा रक्तात दिसण्याइतका परिणाम करतो. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला दोन-तीन मध्यम कांदे पुरेत. ज्या चाकणचा बाजार कांद्यावर मोठा झाला, तिथल्या घरांनी हे ध्यानात ठेवायला हवं.

कच्च्या हाडाची बाजू दुहेरी आहे. ब्राझीलमधल्या संशोधकांनी बीगल कुत्र्यांना बैलाची कच्ची हाडं दिली तेव्हा दातांवरचं कीटण झपाट्याने कमी झालं, हे खरं. पण कडक हाड, शिंग, खूर यांवर जोर लावताना तीच मुख्य कात्री, वरची चौथी उपदाढ, उभी तासली जाते. ढलपी निघून आतला मगज उघडा पडतो आणि पुढे डोळ्याखाली सूज आली की मग कुणीतरी तोंड उघडून पाहतं. म्हणून दातांचे पशुवैद्य एक साधी कसोटी सांगतात. वस्तूवर अंगठ्याचं नख दाबायचं. नख जरासुद्धा रुतत नसेल तर ती वस्तू दाताला जास्त कडक. रबराच्या कारखान्यात हार्डनेस मोजायला शोअरचं यंत्र लागतं, इथे नख पुरतं. याकच्या दुधापासून बनणारी हिमालयी छुर्पी हल्ली फार खपते, पण तिचे पुष्कळ तुकडे या परीक्षेत नापास होतात. शेवटचा छोटा तुकडा गिळला जाण्याआधी काढून घ्यावा लागतो, तो वेगळाच.

मऊ वस्तूंचे धोके निराळे. सुतळी, मोजा, साडीच्या काठाचा धागा आतड्यात लांबच लांब अडकतो आणि आतडं चुण्या पडल्यासारखं गोळा होतं. मे महिन्यात हापूसची कोय आणि पावसाळ्यात मक्याचं बुरकुंड. ही दोन अडकलेली काढण्यासाठी पोट उघडावं लागल्याची उदाहरणं पशुवैद्यांकडे दर हंगामात असतात. कोय गुळगुळीत असते, पटकन गिळली जाते आणि पचत नाही. कुत्रं दोन दिवस उलट्या करतं, खात नाही आणि घरचे ‘उन्हाळा बाधला’ म्हणत बसतात.

मग उरतं काय? बरंच काही. कुत्र्याच्या जबड्यापेक्षा मोठं, नैसर्गिक रबराचं पोकळ खेळणं. त्यात दहीभात, उकडलेला लाल भोपळा किंवा बिनमिठाचं शेंगदाण्याचं कूट कालवून भरायचं, वरून गाजराचा तुकडा खोचायचा आणि रात्रभर फ्रीजरला टाकायचं. सकाळी दिलं की कुत्रं ते दोन पायांत धरतं, जीभ आत घालतं, कडेने दाबतं, उलटं करून आपटतं. दोन मिनिटांचा नाश्ता अर्ध्या-पाऊण तासाचा होतो. दात येणाऱ्या पिल्लाला ओला करून, पीळ देऊन गोठवलेला स्वच्छ पंचाही चालतो. गारव्याने हिरडी शमते. फक्त पिल्लू नजरेसमोर असताना तो द्यायचा आणि धागे सुटले की काढून घ्यायचा. विकतचं पीनट बटर वापरायचं तर डब्यावर झायलिटॉल नाही ना हे वाचून घ्यावं. साखरेऐवजी घातलेला हा पदार्थ कुत्र्यांना विषारी आहे.

फाइव्ह एस घरी आणा

या पट्ट्यातल्या कामगाराला कुत्रं सांभाळण्याचं निम्मं शास्त्र आधीच येतं. वर्कशॉपमध्ये ‘फाइव्ह एस’ पाळायचं असतं, म्हणजे नको ते हटवा आणि हवं ते ठरल्या जागी ठेवा. तिथेच पोका-योके असतं. चूक करणाऱ्याला रागवायचं नाही, चूक करताच येणार नाही अशी रचना करायची. चौथ्या महिन्यातल्या पिल्लासमोर उघडं चप्पल-स्टँड ठेवणं म्हणजे प्रेसला गार्ड न लावता ऑपरेटरला दोष देणं. स्टँडला दार लावा. वायर पट्टीत बंद करा. पिल्लाला अख्खं घर मोकळं न देता एक खोली किंवा जाळीचा कोपरा द्या. त्याच्या आवाक्यात चार-पाच खेळणी ठेवा आणि आलटूनपालटून बदला, कारण रोजचं खेळणं शिळं होतं. आणि फाटकी चप्पल ‘घे आता तुलाच’ म्हणून देऊ नका. जुनी आणि नवी यातला फरक किमतीच्या चिठ्ठीवर असतो, वासात नसतो. घामाचा वास दोन्हींना तोच.

तोंडात नको ती वस्तू गेली तर पाठलाग करू नये. पाठलाग हा त्याच्या लेखी उत्तम खेळ. ओढून घेतली तर पुढच्या वेळी ते लपून, पलंगाखाली जाऊन आणि घाईने गिळून टाकतं. त्यापेक्षा सौदा करावा. हातात चांगलं काही धरायचं, ‘सोड’ म्हणायचं, सोडलं की द्यायचं. शंभर वेळा असा व्यवहार झाला की ‘सोड’ला वजन येतं.

संध्याकाळी घरी आल्यावर फाटलेल्या उशीसमोर नेऊन रागवण्याने काही साधत नाही. ‘बघ, त्याला कळलंय, कसं तोंड पाडलंय’ असं सगळेच म्हणतात. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर याची परीक्षा घेतली. काही वेळा कुत्र्याने खाऊ खाल्लेला नसतानाही मालकाला ‘खाल्ला’ असं सांगितलं. पडलेलं तोंड गुन्ह्याशी जुळलं नाही, ते रागावण्याशी जुळलं. निरपराध कुत्रंही रागावल्यावर तितकंच ओशाळवाणं दिसत होतं.

नुकसान कुठे झालं आहे, यावरून कारणाचा माग लागतो. घरभर विखुरलेली मोडतोड बहुधा कंटाळ्याची असते. त्यावर औषध म्हणजे पाळीला निघण्याआधी अर्धा तास फेरी, तीसुद्धा ओढत नेण्याची नव्हे, झाडाझुडपांत नाक खुपसू देण्याची, आणि मागे गोठवलेलं खेळणं. पण दाराची चौकट, खिडकीची जाळी, कडीच्या आसपासचं लाकूड एवढंच ओरबाडलेलं असेल, फरशीवर लाळेचं थारोळं असेल आणि शेजारी सांगत असतील की तुम्ही गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच रडणं सुरू होतं, तर तो एकटेपणाचा धसका असतो. तिथे खेळण्यालाही कुत्रं तोंड लावत नाही. जुना मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवला की फरक दिसतो. धसक्याच्या कुत्र्याला पशुवैद्याकडे न्यावं लागतं आणि एकटं राहण्याची सवय मिनिटामिनिटाने वाढवावी लागते. बदलत्या पाळ्यांच्या घरात हे अवघड जातं, कारण या आठवड्याची तिसरी पाळी पुढच्या आठवड्यात पहिली होते. अशा घरांनी जेवणाची आणि फेरीची वेळ घड्याळावर न बांधता क्रमावर बांधावी. आधी फेरी, मग खेळणं, मग माणूस बाहेर. क्रम ठरलेला असला की वेळ मागेपुढे झाली तरी निभतं.

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ

दिवाळीत हे सगळे धोके एकदम घरात येतात. ग्रिलवर सोडलेली दिव्यांची माळ जमिनीलगत लोंबते. चालू वायर दाताखाली आली तर तोंड भाजतंच, शिवाय काही तासांनी फुप्फुसांत पाणी साठू शकतं. म्हणून वरवर ठणठणीत दिसणारं पिल्लूही दवाखान्यात दाखवावं लागतं. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का, हे सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला सणाआधीच विचारून घ्यावं. चिवड्यातले, शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात आणि किती खाल्ले तर, याचा भरवशाचा हिशेब नाही. चॉकलेटचे डबे खालच्या कप्प्यात नकोत. गॅलरीतल्या कुंडीत सायकस असेल तर ती हलवावी, तिच्या बिया यकृताला घातक. सोसायटीच्या कुंपणाची कण्हेर हृदयाला घातक.

फटाक्यांच्या आवाजाने थरथरणाऱ्या कुत्र्याला मात्र चघळणंच कामी येऊ शकतं. आतल्या खोलीत, पडदे ओढून, पंखा किंवा टीव्ही चालू ठेवून, अंधार पडायच्या आधी फेरी उरकून, पहिला बार उडण्यापूर्वी भरलेलं खेळणं पुढ्यात ठेवायचं. घाबरल्यावर दिलं तर बहुतेक कुत्री त्याला शिवत नाहीत. पाडव्याच्या सकाळी पार्किंगमध्ये न फुटलेल्या लवंगी, अर्धवट जळालेले अनार, भुईचक्रं पडलेली असतात. त्यांतल्या दारूत गंधक, ॲल्युमिनियमची पूड, कधी बेरियम नायट्रेट असतं आणि कागदाची नळी पिल्लाला चघळायला फारच सोयीची. खराटा फिरून कचरा उचलला जाईपर्यंत पिल्लाला खाली न्यायचं नाही.